जँगोची दोन अ‍ॅप, लॉगिन एकच हवंय, पण एकात गेलं की दोन्हीकडून लॉगआउट

कोडकरी_७:
मंडळी जरा बघा. अकाउंट्स आणि शॉप अशी दोन सबडोमेन, दोन्हीकडे जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क). युजर टेबल एकच, सेशन (कोण लॉगिन आहे त्याची सर्व्हरवरची नोंद) एकाच रेडिसमधे (मेमरीतला डेटा स्टोअर), आणि सेशन कुकीला वरचं डोमेन दिलंय म्हणजे ती दोन्हीकडे जाते, नेटवर्क टॅबमधे दिसतेय पण. तरी अकाउंट्सला लॉगिन करून शॉप उघडलं की ते म्हणतं लॉगिन करा, आणि मागे आलो तर अकाउंट्सचंही लॉगिन गायब!! कुकीचं सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत कुकी पाठवायची का, ती सेटिंग) लॅक्स आहे, नन (म्हणजे अडवूच नको) करून बघू का?

उंबरठा:
सेमसाइटला हात लावू नको. सबडोमेन वेगळी असली तरी ब्राउझर साइट एकच धरतो. नन लागते ती डोमेनच वेगळं असेल तर, आणि तिथे कुकीवर सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर पाठव) नसेल तर क्रोम कुकी घेतच नाही. सिक्रेट की (जँगो ज्याने सह्या करतो ती सेटिंगमधली गुप्त किल्ली) दोन्हीकडे सेम आहे का?

कोडकरी_७:
नाही, रेपो वेगळे, की आपापली.

उंबरठा:
मग तिथेच आहे घोळ. लॉगिन होताना जँगो पासवर्डच्या हॅशवरून सिक्रेट की वापरून एक एचमॅक (की वापरून केलेली सही) काढतो, सेशनमधे ठेवतो आणि पुढच्या रिक्वेस्टला युजर ओळखताना परत काढून ताडून बघतो. शॉपची की वेगळी, त्यामुळे जुळणार कसा, आणि जुळला नाही की तो नुसता नाही म्हणून गप्प बसत नाही, सेशनच फ्लश करून म्हणजे पुसून टाकतो. रेडिस सामाईक, म्हणून दोन्हीकडचं उडतं. पासवर्ड बदलला की बाकीच्या डिव्हाइसवरून लॉगआउट होतं ते ह्याच चेकमुळे, त्यामुळे तो बंद करायच्या फंदात पडू नको.

टपरीवरचा_चहा:
की एक केलीस तर चालेल, पण मला काही ते पटत नाही. एकीकडून की फुटली की दुसरीकडचं सही केलेलं सगळंच गेलं. शिवाय वरच्या डोमेनची कुकी *सगळ्या* सबडोमेनला जाते, मार्केटिंगवाल्यांनी बाहेरच्या होस्टिंगवर ब्लॉग टाकला असेल तर तिथेही. त्यापेक्षा ओपनआयडी कनेक्ट (एका ठिकाणी लॉगिन करून बाकी अ‍ॅपना ओळख पटवायची प्रमाणित पद्धत) लाव, प्रत्येक अ‍ॅपची स्वतःची कुकी, कुकीचं डोमेन रिकामं म्हणजे ती त्याच होस्टपुरती. लॉगआउट सगळीकडे पोचवायची कटकट आहे तेवढी.

कोडकरी_७:
की एक केली, चाललं 🙏 ब्लॉग आहेच हो बाहेर, ओपनआयडीचं मांडतो टीममधे. पण लोकलला (माझ्याच मशीनवर) ८००१ पोर्टवर भलतंच जुनं प्रोजेक्ट चालू केलं तरी ८००० वालं लॉगआउट होतंय, ते का?

उंबरठा:
कुकीला पोर्ट कळत नाही रे. लोकलहोस्टवर दोघंही एकाच नावाची कुकी लिहितात, नंतरचा आधीच्याची पुसतो. सेशन कुकीचं नाव बदलायची सेटिंग आहे, प्रोजेक्टगणिक वेगळं दे.