'दीवार'मधल्या शेवटच्या टाळ्या हव्यात की नकोत?

तलावपाळीकर
रविवारी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर (वर्तकनगर, ठाणे) पडदा लावून अमिताभचा 'दीवार' दाखवला. विजयने आईच्या मांडीवर मान टाकली आणि इकडे लोक डोळे पुसत खुर्च्या गोळा करायला लागले. "संपला, चला चला." अहो, संपला नव्हता! सिनेमा जिथून सुरू झाला त्या सत्काराच्या सभागृहात तो परत येतो. विजयवर गोळी झाडणाऱ्या त्याच्या पोलीस भावाला, रवीला, पदक जाहीर झालंय, ते आईच्या हाती द्यावं असं त्याने सांगितलंय, आणि मधलं सगळं म्हणजे आठवण. त्या शेवटच्या टाळ्या आमच्याकडे प्रोजेक्टरवाला पोरगा आणि वॉचमनकाका, दोघांनीच ऐकल्या.

माझ्या मते त्या टाळ्यांशिवाय सिनेमा अर्धाच. सुरुवातीला त्या ऐकताना वाटतं, काय भाग्यवान माउली! शेवटी त्याच टाळ्या ऐकवत नाहीत. देवळाचंही तसंच. लहानगा विजय पायरीवर थांबतो, आत जात नाही. आई मरणाच्या दारात असते तेव्हा आत येऊन महादेवाशी भांडतो. आणि जीव सोडायला येतो तो देवळातच. ही वाट लेखक सलीम-जावेदनी आखूनच दिलेली आहे. मी काही फार देवदेव करणारा नाही. पण अशी टोकं जुळलेली दिसली की कुणीतरी कुठेतरी हिशेब ठेवतंय असं वाटून जातं. श्रद्धा म्हणजे आणखी काय असतं?

कापाकापी
हिशेब ठेवतो लेखक, आणि त्याचं मानधन थकलेलं असतं. मी ऐरोलीत राहतो, मालिकांचं संकलन करतो. पहिली दहा मिनिटं ढिली पडली की शेवटचा हॉस्पिटलचा प्रसंग उचलून सुरुवातीला टाकायचा, हा निर्णय आमच्याकडे रात्री अकराला वडापाव खाता खाता होतो. मग प्रेक्षक म्हणतात, वा, वर्तुळ पूर्ण झालं!

आणि तुमचा पुरावा तुमच्यावरच उलटतोय. सगळी गच्ची डोळे पुसत उठली ना? म्हणजे सिनेमा पोचला. टाळ्या न ऐकता पोचला.

'शोले' घ्या. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी ठार करतो. ज्याने हात तोडले, त्याला बिनहाताच्या माणसाने मारायचं. १९७५ साल, आणीबाणी, सेन्सॉरने हरकत घेतली आणि ऐनवेळी पोलीस आणून उभे केले. जी जोडी खरोखर अर्थाची होती तीच गेली. उरलं काय, तर सुरुवातीला आगगाडी येते आणि शेवटी जाते. तरी लोकांनी पिक्चर डोक्यावर घेतलाच की.

पनवेलचा पाहुणा
आगगाडीवरून आठवलं, त्यातला दरोडा आमच्या पनवेलजवळच चित्रित झालाय. चालू द्या.

नेरूळचे मास्तर
'दीवार'ला वर्तुळ म्हणू नका, ती चौकट आहे. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००७ मध्ये वर्तुळाकार रचनेवर अख्खं पुस्तक लिहिलं. तीत पहिल्याची शेवटच्याशी, दुसऱ्याची उपांत्याशी अशी जोडी लागत जाते आणि खरं वजन मध्यावर पडतं. फोटोला फ्रेम केली म्हणून आतलं चित्र गोल होत नाही.

बुक्का
माझे आजोबा नारदीय कीर्तन करायचे. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, मध्यंतरात बुक्का आणि हार, मग उत्तररंगात आख्यान. आख्यान संपता संपता गाडी परत मूळ अभंगावर. तिथे आजोबा पहिलंच चरण म्हणून थांबायचे, हात नुसता पुढे करायचे, आणि पुढचं अख्खं देऊळ म्हणायचं. शब्द तासाभरापूर्वीचेच, पण मधे हरिश्चंद्र डोंबाघरी राबून आलेला असायचा. कुठे परतायचं हे आजोबांना घरून निघतानाच ठाऊक असे. म्हणून कापाकापीसाहेब, युक्ती आहे हे कबूल, पण युक्ती आहे म्हणून ती खोटी ठरत नाही.

तलावपाळीकर, तुमच्याशीही जरा भांडायचंय. तुम्ही देऊळ बघत बसलात आणि बिल्ला विसरलात! देवळाची पायरी न चढणारा हा गडी गोदीतल्या रहीमचाचांच्या शब्दाखातर ७८६ नंबरचा, म्हणजे मुसलमान पवित्र मानतात त्या आकड्याचा, हमालीचा बिल्ला जिवापाड जपतो. एकदा त्या बिल्ल्यामुळे गोळीतून वाचतो. शेवटी पळताना तोच हातातून निसटतो आणि परत हाती येत नाही. मला त्या सिनेमातली श्रद्धा तिथे दिसते, तुमच्या जुळलेल्या टोकांत नाही.

कापाकापी
बिल्ला वाचवतो, बिल्ला निसटतो. ही जोडीच झाली की हो!

बुक्का
झाली. पण हिशेब कुठे झाला? कोणत्या चुकीपायी निसटला तो, सांगा बघू.

तलावपाळीकर
हे मात्र मला सांगता येणार नाही. बिल्ल्याचा हिशेब खरंच लागत नाही, आणि रात्रीपासून तेच डोक्यात आहे.

आज सकाळी दूध आणायला उतरलो तेव्हा वॉचमनकाकांना विचारलं, शेवट कसा वाटला? म्हणाले, "टाळ्या सुरू झाल्या तेव्हा वाटलं, पोराने चुकून परत पहिल्यापासून लावला. म्हटलं आता ही बाई पुन्हा सगळं सोसणार. उठलो नि गेटवर गेलो."

कापाकापी
वॉचमनकाका माझ्या पार्टीत.

बुक्का
तुमच्या कसे? माझ्या!