देऊळ नसलेली मंडळी : तुमचे अनुभव लिहा

मागच्या रविवारी परत तेच झालं. आम्ही पुण्यात एका शाळेचा हॉल भाड्याने घेतो, दुपारी ४ ते ६, आणि ३ वाजता निरोप आला की आज हॉल नाही, कसलीतरी परीक्षा लागलीय. ग्रुपवर मेसेज टाकेपर्यंत अर्धी माणसं बसमध्ये. शेवटी एका काकूंच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोन स्कुटर सरकवून सतरंजी टाकली. वॉचमनने विचारलं काय चाललंय, काकू म्हणाल्या आमचं चर्च आहे. त्याने एकदा खांबांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि म्हणाला, "कुठंय?"

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून हा धागा. मी नगरची. लहानपणी दगडी चर्च, घंटा, पायऱ्यांवर चपलांचा ढीग, आजी त्याला देऊळच म्हणायची, "चल देवळात". पुण्यात आल्यापासून ११ वर्षं आमचं चर्च एका मारुती व्हॅनमध्ये राहतं. दोन स्पीकर, पेटी, ढोलकी, उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकाच्या तीसेक प्रती (तीन बिनकव्हरच्या), दानाची थैली आणि प्रभुभोजनाचा (येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्याचा) स्टीलचा डबा. व्हॅनवाले भाऊ आजारी पडले की भक्ती बिनपेटीची. मनुका भिजवून उकळून रस करायचं काम माझ्याकडे, महिन्याच्या पहिल्या रविवारी, आणि एकदा तो डबा रिक्षात सांडला ते अजून लोक काढतात.

गंमत म्हणजे आपल्या मराठी बायबलात चर्चसाठी शब्द मंडळी असाच आहे, म्हणजे माणसं. प्रेषित पौल त्याच्या मित्राला, फिलेमोनाला, पत्र लिहितो तेव्हा त्याच्या घरातल्या मंडळीलाही सलाम सांगतो, आणि फिलिप्पै शहरात तर तो नदीकाठी जमलेल्या बायकांमध्येच जाऊन बसला होता. तरी मला दगडी भिंतीची आठवण येते, खोटं कशाला बोलू.

ज्यांनी बिनइमारतीचं चर्च पाहिलंय त्यांनी लिहा. ख्रिस्ती नसलात तरी चालेल. सिद्धांत नको, काय पाहिलं ते लिहा.

कोपीकर

आमचं चर्च फडात होतं. आईवडील ऊस तोडायला जायचे, दिवाळी झाली की टोळी निघायची ती मार्चच्या शेवटाला परत, म्हणजे नाताळ दरवर्षी कारखान्यावरच. वडील काही पाळक नव्हते, टोळीत अडखळत का होईना पण बायबल वाचता येणारे ते एकटे, म्हणून तेच. आईला अक्षर येत नव्हतं पण भजनं सगळी पाठ, कडवं चुकलं की ती वडिलांना सगळ्यांसमोर थांबवायची.

२४ डिसेंबरची एक रात्र सांगतो, मी चौथीत असेन. कामट्यांचा तारा केला होता, लाल पतंगी कागद लावून आत बॅटरी ठेवलेली, तो कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर, बांधला. पाचट पेटवून सगळे गोल बसले, पोरं पोत्यावर, टाळ होते, ढोलकी नव्हती म्हणून एकाने पत्र्याचा डबा घेतला. येशूच्या जन्माची, मेंढपाळांची गोष्ट वाचायला सुरुवात झाली आणि तेवढ्यात ट्रक आला, मुकादमाची हाक, भरायचा आत्ताच. बाप्ये उठले, जाणत्या बाया उठल्या, राहिलो आम्ही पोरं आणि एक म्हातारी. वडील जाताना बायबलमध्ये उसाचं पान घालून गेले. दीड-दोन तासांनी सगळे परत आले, अंगाला उसाची कूस लागलेली, कुणी हातपाय धुतले नाहीत की काही नाही, वडिलांनी पान काढलं आणि होतं तिथून पुढे वाचलं. मग गुळाचा चहा. सकाळी ५ ला परत फडात, नाताळची सुट्टी कसली.

आता गावात छान पत्र्याचं चर्च झालंय, फॅन आहेत. मेंढपाळांची गोष्ट तिथेही वाचतात, पण मला दरवर्षी तो ट्रकच ऐकू येतो.

नुसताच वाचक

मी हिंदू. एक बाळबोध प्रश्न, चर्चला खरंच देऊळ म्हणता? आणि तुम्ही टाळ वाजवता?

धागाकर्ती

हो की, आमच्या जुन्या लोकांत देऊळच. आणि टाळ काय, कीर्तनसुद्धा. नगर भागात ख्रिस्ती कीर्तनं १९ व्या शतकापासून होतायत. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची अभंगांच्या चालीवरची भजनं आम्ही आजही म्हणतो, आणि त्या टिळकांनीच १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही येशूभक्त त्यात. त्यासाठी मिशनच्या पगारावर पाणी सोडलं. १९१९ मध्ये ते गेले, नाहीतर काय झालं असतं कुणास ठाऊक.

पाचूबंदरची

आमच्या वसईत उलटं आहे, इमारती आहेत आणि माणसं नाहीत :) किल्ल्यात जाऊन बघा, १७३९ ला किल्ला मराठ्यांनी घेतला, पोर्तुगीज गेले, आणि तिथली देवळं आज बिनछपराची उभी आहेत, प्रीवेडिंग शूटसाठी. बाहेर गावांत मात्र श्रद्धा टिकली. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी आळीतल्या क्रूसापाशी रोझरी, मेणबत्त्या वाऱ्याने विझतात म्हणून बाटलीचा बूड कापून त्यात लावतात, आणि शेवटी कागदाच्या पुडीत उकडलेले चणे. लहानपणी मी चण्यांसाठीच जायचे. मुंबईतही असे क्रूस गल्लोगल्ली आहेत, बरेचसे १८९६ च्या प्लेगनंतरचे.

पण मला सांगायचंय ते जपानचं. वसईचे संत गोन्सालो गार्सिया माहीत असतील, १५९७ मध्ये नागासाकीत ज्या २६ जणांना क्रूसावर चढवलं त्यातले एक. नवऱ्याच्या कामामुळे आम्ही जपानला होतो तेव्हा हट्टाने नागासाकीला गेले. टेकडीवर २६ जणांचं स्मारक आहे, एका ओळीत उभे, आपल्या गावचा माणूस तिथे इतक्या लांब बघून मला रडूच आलं, नवरा म्हणतो लोक बघतायत.

तर १६१४ मध्ये तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, धर्मगुरूंना हाकललं, चर्चं पाडली. आणि तरीही खेड्यांत, बेटांवर लोक गुपचूप ख्रिस्ती राहिले, जवळजवळ अडीचशे वर्षं. फादर नाही, मिस्सा (फादरने करायची उपासना) नाही, देऊळ नाही. मग कामं वाटून घेतली होती : एक माणूस पंचांग सांभाळायचा, कुठला सण कधी, उपास कधी, एक जण पाण्याने बाप्तिस्मा द्यायचा, एक जण घरोघर निरोप न्यायचा. झालं चर्च! मरियामातेची मूर्ती उघड ठेवता येत नाही म्हणून बौद्धांच्या कान्नोन देवीची मूर्ती, बाळ घेतलेली. प्रार्थना तोंडपाठ, त्यातले लॅटिन-पोर्तुगीज शब्द पिढ्यांमागून पिढ्या घासून घासून असे झालेले की अर्थ कुणालाच कळेना. आमची आजी लॅटिन लादीन (एक लांब प्रार्थना) म्हणायची तीही अशीच होती, तिलाही एक शब्द कळत नव्हता आणि चुकतही नव्हता.

१८६५ मध्ये नागासाकीत परदेशी लोकांसाठी फ्रेंच पाद्र्यांनी चर्च बांधलं, तेव्हा जवळच्या उराकामी गावची काही माणसं बघायला म्हणून आत शिरली आणि एका बाईने फादरच्या जवळ जाऊन हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि विचारलं मरियामातेची मूर्ती कुठंय. बंदी उठली नव्हती अजून, पुढे त्या लोकांचे हाल हाल झाले, १८७३ पर्यंत. मी त्या चर्चमध्ये बसले होते तेव्हा मनात एवढंच आलं की पंचांगवाल्या माणसाने एखादा दिवस चुकवला असता तर?

रियाध रिटर्न

पाचूबंदरची, पंचांगाचं पटलं. सौदीत चर्चची इमारतच नाही, उघड उपासनेला परवानगी नाही. सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी. एका मल्याळी नर्सबाईंच्या फ्लॅटवर आम्ही ४ मराठी, बाकी केरळ, आंध्र, एक फिलिपिनो जोडपं. नियम कडक : गाड्या वेगवेगळ्या गल्लीत, दोघं-दोघं करून यायचं, आणि चपला आत घ्यायच्या, दाराबाहेर २२ जोड दिसले की संपलंच. टाळ्या नाहीत, गाणी कुजबुजत. टेबलावर कायम केक, कुणी बेल वाजवली तर वाढदिवस आहे म्हणायला. दर शुक्रवारी कुणाचा ना कुणाचा वाढदिवस, माझा एका वर्षात ३ वेळा झाला.

इथे परत आलो आणि पहिल्या रविवारी चर्चमध्ये सगळे जोरात गायला लागले तर माझा आवाजच निघेना. सवय गेली होती.

म्यूट आजीची नात

सगळ्यांचं वाचून भारी वाटलं पण मी जरा वेगळं लिहिणार. २०२० चा लॉकडाऊन, १२ एप्रिलचा ईस्टर मोबाईलवर. आजी पांढरं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन फोनसमोर बसली. फुकटचं ॲप, ४० मिनिटांनी बंद पडायचं, ते नेमकं आशीर्वचनाच्या मध्यात बंद पडलं. आजी डोळे मिटून तशीच उभी, आम्ही सांगितलं संपलं तरी ऐकेना, म्हणाली आमेन कुठं म्हणलेत अजून. प्रभुभोजनाला काय घ्यायचं यावर ग्रुपवर हे मोठं भांडण, एकांनी पोळी आणि कोकम सरबत घेतलं तर दोघांनी ग्रुप सोडला.

लोक म्हणतात घर हेच चर्च झालं. मला नाही वाटलं तसं. शेजारी कुणी बेसूर गाणारं नाही, कुणाचं पोर पाय ओढत नाही, दानाची थैली पुढे सरकवायला हात नाही. इमारत नसली तरी चालेल हो, पण माणसाला माणूस लागून बसायला पाहिजे.

कोपीकर

आजीला नंतर आमेन मिळालं का?

म्यूट आजीची नात

पाळकांना फोन लावला, स्पीकरवर म्हणवून घेतलं. मगच जेवली.

धागाकर्ती

हसून हसून पुरेवाट. पुण्यातल्या मंडळींसाठी सूचना इथेच टाकते कारण अर्धे जण ग्रुप वाचतच नाहीत : या रविवारीही हॉल नाही, परीक्षा दोन दिवसांची होती म्हणे. काकूंच्या गच्चीवर, ५ वाजता, ऊन उतरल्यावर. चटई आपापली आणा. आणि चपला जिन्यात काढू नका, वरपर्यंत हातात घेऊन या, दुसऱ्या मजल्यावरच्यांनी कालच काकूंना ऐकवलंय. रियाधवाले, तुम्ही पुण्यात असाल तर या, तुम्हाला सवय आहेच.