फायटरची शेपटी आणि मिथिलिन ब्लू

टाकीतल्या टायगर बार्ब माशांनी फायटर (बेटा) माशाची शेपटी कुरतडली, आता मिथिलिन ब्लू हे निळं औषध टाकू का, असं विचारलंत. मुख्य टाकीत नकोच, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू त्याने मरतात. आधी फायटरला वेगळ्या टाकीत हलवा; बार्ब काही सुधारणार नाहीत! पाणी क्लोरीन घालवलेलं, २६-२७ अंशांचं ठेवा आणि दिवसाआड पाव भाग बदला. माझ्या फायटरला एवढंच पुरलं. आठवड्याभरात कडेला काचेसारखा पारदर्शक पापुद्रा दिसला. बुरशी समजून मी घाबरलो, पण तो शेपटीचा नवा फुटलेला पर होता. रंग नंतर भरतो. बुरशी कापसासारखी दिसते. कड काळपट किंवा पांढरट होऊन पर रोज आखूड होत असेल तर मात्र सड लागलीय, तेव्हा औषध द्या, तेही वेगळ्या टाकीतच. टोकदार प्लास्टिकची झाडंही काढा.