पुण्याजवळ एमटीबी (माउंटन बाइक) चालवायला कुठे जाता? आणि परवानगीचं काय करता?

मुरूममाती
नमस्कार मंडळी. आम्ही सात-आठ जण दोन वर्षं दर रविवारी शहरातल्याच एका टेकडीवर सायकली घेऊन जायचो (कुठली ते मुद्दाम लिहीत नाही). मागच्या महिन्यात फाटकावर अडवलं. "पायी या, सायकली खाली लावा." पाटी नाही, लेखी काही नाही. पण खरं सांगायचं तर त्याच्या आदल्याच रविवारी आमच्यातल्या एकाने उतारावर एका आजोबांना चाटून सायकल काढली होती. आजोबा सावरले, हातातली बाटली मात्र गडगडत खाली गेली. त्यामुळे भांडायला तोंड नाही.

कोंढव्याहून चालवत जाता येईल असं काही सुचवा. आणि गावाकडच्या वाटांवर परवानगी नक्की कुणाकडे मागायची? सगळ्यांकडे हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकली) आहेत, दोघे अगदी नवखे.

काटा_लागला
कोंढव्यात राहून हा प्रश्न? बोपदेव घाट चढा की! वर पठारावर गराडे, चांबळी, कानिफनाथ या बाजूला गाडीवाटांचं जाळं आहे. नवख्यांना झेपेल असं, फक्त उन्हाच्या आधी परता.

दोन गोष्टी. टायर ट्यूबलेस करून आत सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारा द्रव) भरा, नाहीतर बाभळीखालून एकदा गेलात की दिवसभर पंक्चरच काढाल. दुसरं, पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत शिरू नका. दहा-वीस पावलांत फोर्क (चाक धरणारा चिमटा) आणि टायरमध्ये चिखल गच्च बसतो, चाक फिरायचंच थांबतं. मी एकदा अर्धा तास काडीने खरवडत बसलो होतो आणि बांधावरची म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती. मुरमाची वाट मात्र उघडीप मिळाली की दुसऱ्या दिवशी चालते.

तलाठ्याचा_नातू
परवानगीबद्दल लिहितो, कारण इथे नेहमी "अरे, कोण विचारतंय" असं उत्तर येतं आणि मग कोणीतरी विचारतंच.

आधी जमीन कुणाची ते बघा. आवडलेल्या वाटेचा गट नंबर काढून सातबारा ऑनलाइन पाहता येतो. मग गाव नकाशा बघा. त्यात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग. नकाशावरचा पाणंद रस्ता सार्वजनिक असतो, तिथून जायला कुणाच्या पाया पडायची गरज नाही. गोम अशी की नकाशावर रुंद दिसणारी पाणंद जागेवर दोन्हीकडून नांगरून बांधाएवढी उरलेली असते. तिथे नकाशा नाचवू नका. त्यावरून सख्ख्या भावांची तहसीलदारापर्यंत भांडणं चालू असतात, त्यात तुमची भर नको.

गायरान असेल तर ग्रामपंचायतीत एक साधा अर्ज द्या: किती जण, कुठला वार, कुठली वाट. पोच घ्या. सरपंचांचा शिक्का नाही मिळाला तरी गावात नाव होतं की "ही पोरं विचारून येतात". वनखात्याची जमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज, आणि ज्या गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे तिथे समितीलाही भेटा. जाळरेषा दिसली म्हणून ती आपल्यासाठीच केली असं समजू नका. वणवा अडवायला गवत काढून ठेवलेला पट्टा असतो तो. चालवायला मस्त असतो, कबूल, पण परवानगीशिवाय नको. आणि सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या वाटेला सायकल घेऊन जाऊच नका. जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरची जागा, चिंकारांना तेवढीच.

देवराईत चाक घालू नका, हे वेगळं सांगायला नको.

टेकडीवरची_काकू
मी रोज सकाळी टेकडीवर जाणारी. सायकलवाल्यांवर माझा राग नाही, पण एक जागा दाखवते. आमच्या वाटेवर एक वळण आहे, तिथे पोरं मागचं चाक जाम करून घसरवतात. मार्चमध्ये तिथे बोटभर रेघ होती. सप्टेंबरात माझा घोटा बुडेल एवढा ओघळ झाला. शिवाय वळण टाळून सरळ खाली एक नवी वाट पडली, ती थेट समतल चरांवरून जाते. पाणी मुरावं म्हणून खणलेले चर तुमच्या चाकांनी बुजतात.

उन्हाळ्यात उघड्या माळावर टिटवी अंडी घालते. घरटं म्हणजे नुसता खळगा, चार अंडी, रंग खड्यांसारखाच. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर उतरा आणि आल्या वाटेने मागे या.

फुलससपेन्शन
टेकडी काय फक्त चालणाऱ्यांची आहे का? कुत्री मोकळी सोडलेली चालतात, सायकल चालत नाही.

टेकडीवरची_काकू
कुत्र्यांचं बरोबर आहे तुमचं. त्यावर मीही भांडते. पण बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात आम्ही वेताळ टेकडीसाठी उभे राहिलो तेव्हा सायकलवाले किती आले होते? उन्हाळ्यात झाडांना कॅन भरून पाणी घालायला या, मग फाटकावरही तुमच्या बाजूने बोलेन.

एडिनबराकर
इकडे स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने सायकललाही मोकळ्या जमिनीवर फिरायचा हक्क आहे, पण "जबाबदारीने" ही अट धरून. शेजारी इंग्लंडमध्ये पायवाटेवर तो हक्क नाही, ब्राइडलवेवर (घोडेस्वारांसाठीच्या वाटांवर) १९६८ पासून आहे. हक्क असूनही इथल्या क्लबांचे लोक रविवारी फावडी घेऊन वाट दुरुस्त करताना दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला श्रमदानाचीच आठवण झाली.

काटा_लागला
एक राहिलं. पठारावर मेंढरं भेटली की लांबूनच उतरा. धनगराची कुत्री चालत्या सायकलवर धावतात. सायकल मध्ये धरून सावकाश चाला आणि मालकाला हाक मारा. आणि नवी वाट सापडली की लगेच स्ट्राव्हावर (राइडचा नकाशा सगळ्यांना दाखवणाऱ्या अ‍ॅपवर) टाकू नका. मागे एका वाटेचं असंच झालं. शेतकरी सात-आठ जणांना हसून पाणी द्यायचा, पन्नास आले तेव्हा त्याने बाभळीच्या फांद्या टाकून वाट बंद केली. मी त्याच्या जागी असतो तर आधीच टाकल्या असत्या.

मुरूममाती
सगळ्यांचे आभार. नातू, अर्जाचा नमुना असेल तर माझ्या विपूत (विचारपूस) टाकाल का? या शनिवारी पठाराखालच्या एका ग्रामपंचायतीत जाऊन येतो, ग्रामसेवक कधी भेटतात ते फोन करून विचारलं आहे. मॅप सध्या प्रायव्हेट केले.

काकू, ते वळण आमचंच असावं अशी शंका आहे. रविवारी साडेसहाला सायकली घरी ठेवून येतो. टिकाव दोन आहेत, घमेलं नाही. ओघळात दगड कसे रचायचे ते तुम्ही सांगा.

टेकडीवरची_काकू
घमेलं माझ्याकडे आहे. सहाला या, साडेसहाला ऊन लागतं.