मदत हवी आहे: 'निकोटिन नाही' लिहिलेल्या व्हेपची सवय लागते का? (नाशिक, जरा तातडीचं)

गोदाकाठची

नमस्कार. घरात एक व्हेप (ई-सिगारेट) सापडलाय. चपटा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, टरबुजाचा वास. खोक्यावर पुढे ठळक अक्षरांत 'निकोटिन नाही' आणि मागे बारीक अक्षरांत '६-मिथाइल निकोटिन'. आता यातलं खरं काय? समोरच्या माणसाचं म्हणणं, निकोटिनच नाही तर व्यसन लागेल कशाचं, तू उगाच डोकं खाऊ नकोस.

मला दोनच गोष्टी हव्यात. याचं व्यसन लागतं की नाही? आणि नाशिकमध्ये दाखवायचं कोणाला? नेटवर शोधून झालं, सगळं अमेरिकेचं आणि इंग्रजीत. प्रवचन नको, उद्या सकाळच्या आत उत्तर हवंय.

कॉलेजरोडकर

मुलगा कितवीत आहे? कुठून आणला ते विचारलंत का? संध्याकाळी कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या कुठल्याही कट्ट्यावर उभं राहा, सगळा आंबा-लिची-टरबुजाचा बाजार. बंदी फक्त कागदावर. पॉकेटमनी आधी बंद करा.

निवांत_नाना

ताई, घाबरू नका. ओवा आणि बडीशेप तव्यावर भाजून डबीत भरून द्या, तलफ आली की चिमूटभर तोंडात. मी तंबाखू याच्यावरच सोडली. आणि जमलं तर इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला पाठवा. घरापासून तासाभरावर जगभरातून लोक येतात आणि आपण नाशिककर तिथून फक्त मुंबईची गाडी पकडतो.

वकिलीणबाई

व्यसनाचं डॉक्टर सांगतील, मी कायद्याचं सांगते. 'निकोटिन नाही म्हणून चालतं' हे भारतात साफ चूक. २०१९च्या ई-सिगारेट बंदी कायद्याच्या व्याख्येतच आहे की पदार्थ तापवून श्वासातून ओढायची वाफ तयार करणारं उपकरण, मग त्यात निकोटिन असो वा नसो. उत्पादन, आयात, विक्री, वाटप, जाहिरात सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. माल साठवायला जागा दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कॉलेजरोडकर

म्हणजे ओढणाऱ्यालाही आत टाकतात?

वकिलीणबाई

नाही. नुसत्या वापराला त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. पण परदेशातून कोणी आणून दिला असेल तर आणणाऱ्यानं आयातीचा प्रश्न ओढवून घेतलाय. ताई, कुठून आला हे तुम्ही सांगितलेलं नाहीत.

अंबडचा_केमिस्ट

औषध कंपनीत केमिस्ट आहे, म्हणून बोलतो. ६-मिथाइल निकोटिन म्हणजे निकोटिनचाच रेणू, त्याच्या पिरिडिन कड्यावर सहाव्या जागी एक मिथाइल गट जास्तीचा. रसायनशास्त्राच्या हिशेबानं वेगळा पदार्थ, म्हणून 'निकोटिन नाही' हे छापणं तांत्रिकदृष्ट्या खोटं ठरत नाही. पण मेंदूतल्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) निकोटिन बसतं, त्यांच्यावरच हाही बसतो. उपासाला भात चालत नाही पण भगर चालते, तसला प्रकार. पोट दोन्हीनं भरतं.

हे आलं कुठून तेही सांगतो. अमेरिकेत एफडीएचा, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाचा, ताबा आधी तंबाखूपासून काढलेल्या निकोटिनवर होता. मग कंपन्यांनी प्रयोगशाळेत बनवलेलं कृत्रिम निकोटिन आणलं. २०२२ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा बदलला: निकोटिन कुठूनही आलेलं असो, नियम लागू. तेव्हा पुढची पळवाट निघाली, निकोटिनसारखंच काम करणारा पण निकोटिन हे नाव नसलेला रेणू. म्हणजे हा माल तब्येतीची काळजी म्हणून आलेला नाही, कायद्याच्या व्याख्येतून सुटायला आलाय. पाकिटावरचं 'निकोटिन नाही' वाचताना एवढं डोक्यात ठेवा.

साधाभोळा_सिडकोवाला

कृत्रिम निकोटिन म्हणजे हेच ना? माझा मित्र म्हणतो कृत्रिम असलं की शुद्ध असतं, कॅन्सर होत नाही.

अंबडचा_केमिस्ट

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करू नका. कृत्रिम निकोटिन हे निकोटिनच असतं, फक्त तंबाखूच्या पानातून न काढता कारखान्यात बनवलेलं. ६-मिथाइल हा बदललेला रेणू. शुद्ध असला तरी सवय लावायची ताकद कुठे जाते?

आणि शुद्धतेचंही ऐका. अशा उत्पादनांची अमेरिकेतल्या विद्यापीठांनी तपासणी केली, ती २०२४ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आली. काहींमध्ये लेबलवर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा ६-मिथाइल निकोटिन फारच कमी निघालं. वर नियोटेम नावाचं गोडवा आणणारं रसायन, जे साखरेपेक्षा हजारो पट गोड असतं. लेबलवरचा आकडा खरा नसेल तर ओढणाऱ्याला आपण किती घेतोय हे कळायचं कसं?

योगक्षेम

निकोटिनामाइड असेल तर ते ब-३ जीवनसत्त्व आहे. माझ्या बायकोच्या फेस सीरममध्ये असतं. उगाच घाबरवू नका लोकांना.

अंबडचा_केमिस्ट

ताईंच्या खोक्यावर निकोटिनामाइड लिहिलेलंच नाही. काही ब्रँड दोन्ही मिसळतात हे खरं. निकोटिनामाइड निकोटिनच्या ग्राहींवर काम करत नाही, त्यामुळे किक त्याची नसते. आणि जे चेहऱ्याला लावतात ते तापवून फुफ्फुसात ओढायचं हा न्याय कुठला?

सावध_सातपूर

अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपिंगनं पोरं व्हेंटिलेटरवर गेली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रुग्ण, ६८ मृत्यू. अजून काय पुरावा हवा?

जुना_धूरकरी

आकडे बरोबर, लावलेत चुकीच्या जागी. त्या प्रकरणात मुख्य संशय टीएचसी (गांजातलं नशा आणणारं रसायन) असलेल्या काडतुसांतल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता. ६-मिथाइलशी संबंध नाही. तरुण पोरांना खोटी भीती दाखवली की ती खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाहीत.

सावध_सातपूर

म्हणजे तुमच्या मते ओढू द्यायचं का?

जुना_धूरकरी

असं मी कुठे म्हटलं? वाचा तरी.

गोदाकाठची

मुलगा कोणी काढला मध्येच?? माझी मुलगी चौथीत आहे. व्हेप सासऱ्यांचा आहे.

वय ६४. चाळीस वर्षं सिगारेट. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. डॉक्टरांनी सिगारेट बंद म्हणजे बंद सांगितली. दिवाळीत चुलत दीर अमेरिकेहून आले, त्यांनी एक बॉक्स आणून दिला: काका, यात निकोटिनच नाही, बिनधास्त ओढा. तेव्हापासून सिगारेट खरंच बंद आहे, म्हणून घरात सगळे खूश. मीच एकटी वाईट.

कॉलेजरोडकर

हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना ताई! मी पॉकेटमनी बंद करायला सांगून बसलो.

गोदाकाठची

पेन्शन बंद करू का मग?

वकिलीणबाई

त्यांची पेन्शन तुम्हाला बंद करता येणार नाही. आणि त्या चुलत दिरांना सांगा, पुढच्या खेपेला चॉकलेटं आणा.

दवाखान्यातून

जनरल प्रॅक्टिस करतो. आधी हे सांगा: छातीत दुखणं, धाप, धडधड, घाम, चक्कर, यातलं काही आहे का? रक्तदाब कधी मोजला? गोळ्या कोणत्या चालू आहेत? आणि त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना या व्हेपबद्दल माहीत आहे का?

गोदाकाठची

दुखत नाही. धडधडतं असं परवा सासूबाईंना म्हणाले. झोप लागत नाही, रात्री उठून गच्चीवर जातात, ते ओढायलाच जातात हे मला आत्ता कळतंय. बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी आहे. डॉक्टरांनी विचारलं होतं सिगारेट सोडली का, तर बाबांनी छाती पुढे काढून हो सांगितलं. व्हेपचं कोणी बोललंच नाही, कारण ते 'औषधी'.

दवाखान्यातून

मग तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं.

व्यसन लागतं का? हा रेणू निकोटिनच्याच ग्राहींना चिकटतो, त्यामुळे लागतं असं धरूनच चाला. निकोटिनची सदृश रसायनं निकोटिनपेक्षाही तीव्र असू शकतात असं एफडीएनंही म्हटलंय. माणसांवरचे दीर्घकाळाचे अभ्यास झालेले नाहीत, आणि 'निर्धोक' म्हणायला तेच लागतात. निकोटिन शरीरात ॲड्रिनलिन सोडवतं: नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात. स्टेंट असलेल्या माणसाला हे तिन्ही नकोत. सिगारेट सुटली हे चांगलंच झालं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि टार गेलं. पण मूळ सवय तशीच राहिली.

दाखवायचं कोणाला? ज्यांनी अँजिओप्लास्टी केली त्यांनाच. खोकं सोबत न्या. धडधड थांबत नसेल, छातीत दाब वाटला किंवा घाम फुटला तर उद्याची वाट बघू नका, १०८ ला फोन. आणि कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका, विशेषतः रक्त पातळ करायची.

साधाभोळा_सिडकोवाला

लघवीत निकोटिन कळायची तपासणी असते ना? ती करून घ्या, एकदाचा सोक्षमोक्ष.

अंबडचा_केमिस्ट

ती कोटिनिन शोधते, म्हणजे निकोटिन शरीरात मोडल्यावर जे तयार होतं ते. इथे रेणूच वेगळा आहे. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर सासरे तोच फ्रेम करून हॉलमध्ये लावतील.

जुना_धूरकरी

गोदाकाठची, आता तुमच्या सासऱ्यांच्या बाजूनं थोडं बोलू द्या. चाळीस वर्षांची सिगारेट सोडणं म्हणजे काय हे न ओढणाऱ्याला कळत नाही. त्यांना 'तुम्ही फसलात' म्हणू नका, ते आणखी गच्चीवर जातील.

या यंत्राची खरी गोची वेगळीच. सिगारेट संपते. राख पडते, थोटूक विझवावं लागतं, वास येतो, घरचे ओरडतात. म्हणजे दिवसाला किती झाल्या याचा अंदाज तरी असतो. हे संपतच नाही, वास टरबुजाचा, बाथरूममध्येही चालतं, अंथरुणातही. त्यामुळे माणूस दिवसभर थोडं थोडं घेत राहतो आणि आपण कमी ओढतोय असं त्याला वाटत राहतं. तुम्ही त्यांना एकच गोष्ट विचारा, एक दिवस हा कपाटात ठेवाल का? चिडचिड, बेचैनी, झोप न लागणं, सारखी भूक, असं झालं तर उत्तर मिळालं.

सोडायला निकोटिनचा गम असतो, दोन मिलीग्रॅमचा मेडिकलमध्ये मिळतो. पण लोक तो साध्या च्युइंगगमसारखा चघळतात आणि मग उचकी लागली, पोटात ढवळलं म्हणून फेकून देतात. थोडा चावायचा, तिखट लागलं की गालात धरून ठेवायचा, चव गेली की परत चावायचा. आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको.

दवाखान्यातून

गमबद्दल बरोबर, पण यांच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. ते सांगतील गम, पॅच की गोळ्या. एकाच वेळी गम आणि व्हेप तर नकोच. समुपदेशन हवं असेल तर सिव्हिलला तंबाखूमुक्तीचं विचारा. तंबाखू सोडायची राष्ट्रीय हेल्पलाइन (क्विटलाइन) १८००-११-२३५६, फोनला पैसे पडत नाहीत.

निवांत_नाना

ओवा-बडीशेपचं काय झालं? कोणी बोललंच नाही.

दवाखान्यातून

खाऊ द्या की. तोंडाला चाळा म्हणून चांगलंच आहे. फक्त त्याला उपचार म्हणू नका.

योगक्षेम

अवांतर: सगळे डॉक्टर आधी घाबरवतात. माझ्या आजोबांनी नव्वदीपर्यंत बिडी ओढली, आडगावला शेतात राबायचे.

जुना_धूरकरी

प्रत्येक धाग्यात एक आजोबा येतातच. जे पंचावन्नला गेले त्यांचे नातू इथे लिहायला येत नाहीत.

मिसळप्रेमी_४२२

आडगाव नाक्यावरची मिसळ अजून तशीच आहे का हो? दहा वर्षं पुण्यात आहे.

कॉलेजरोडकर

काळ्या मसाल्याची? वेगळा धागा काढा, इथे मारामाऱ्या होतील.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. अपडेट देते. मी काही न बोलता नवऱ्याला चुलत दिरांना व्हिडिओ कॉल लावायला सांगितला, बाबा शेजारीच बसलेले. सहज विचारलं, तुम्ही पण हेच ओढता का? म्हणाले, हो, सकाळी उठल्या उठल्या लागतोच, नाहीतर डोकं दुखतं. बाबा काही बोलले नाहीत, पण फोन ठेवल्यावर स्वतःच म्हणाले, डॉक्टरांकडे जाताना खोकं घे. उद्या अकराची वेळ मिळालीये. बीपी मोजलं, नेहमीपेक्षा वर आहे. दवाखान्यातून, तोही आकडा लिहून नेते.

बॉक्समध्ये न फोडलेले अजून आहेत. घंटागाडीत टाकले तर चालतील का?

वकिलीणबाई

कोणालाही देऊ नका, अगदी फुकटही नाही. वाटपही बंदीतच येतं.

अंबडचा_केमिस्ट

घंटागाडीच्या कचऱ्यात नको. आत लिथियमची बॅटरी असते, गाडीत दाबली गेली तर पेट घेते. फोडूही नका, आतला द्रव हाताला लागायला नको. मुलगी चौथीत आहे म्हणालात, तोवर तिच्या हाताला येणार नाही असे कुलूपबंद ठेवा, टरबुजाचा वास पोरांना बोलावतो. मग ई-कचरा घेणाऱ्याला बॅटरीचं उपकरण आहे असं सांगूनच द्या.

दवाखान्यातून

उद्या डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा. ईसीजीचे जुने कागद असतील तर न्या.

शुभचिंतक_नाशिकरोड

आत्ताच धागा पाहिला. ताई, मुलाला मारू नका, या वयात पोरं चुकतात. त्याच्याशी मैत्री करा. दहावीचं वर्ष आहे का?

कॉलेजरोडकर

काका, दहावी होऊन अठ्ठेचाळीस वर्षं झाली त्याला. वरचं वाचा.