डेटा ॲनालिटिक्सच्या विद्यार्थ्यांना नोएसक्यूएल किती शिकवावे?

प्रश्न
नमस्कार. पदविका अभ्यासक्रमात माझ्याकडे नोएसक्यूएलचे (पारंपरिक एसक्यूएल तक्त्यांपेक्षा वेगळ्या रचनेच्या डेटाबेसचे) प्रकरण आहे. विद्यार्थी बहुतांशी वाणिज्य आणि संख्याशास्त्राचे पदवीधर असून एसक्यूएल या क्वेरीभाषेतील जॉइन (तक्ते जोडणे) आणि ग्रुप बाय (गट करणे) त्यांना चांगले जमते. पाठ्यक्रमात मात्र मोंगोडीबी, कॅसांड्रा, रेडिस आणि निओफोरजे हे चार डेटाबेस एकापाठोपाठ दिले आहेत, शिवाय कॅप प्रमेयावर (नेटवर्क तुटल्यावर डेटाची सुसंगतता किंवा उपलब्धता यांपैकी एकच राखता येते, हे सांगणाऱ्या) स्वतंत्र व्याख्यान आहे. ज्यांना पुढे अहवाल आणि डॅशबोर्ड करायचे आहेत, त्यांना यातले नेमके काय द्यावे?

उत्तर १
चारही उत्पादनांची तोंडओळख करून देण्यापेक्षा मोंगोडीबी एकच घ्यावे आणि वेळ ॲग्रिगेशन पाइपलाइनवर (टप्प्याटप्प्याने डेटाचा सारांश काढण्याच्या पद्धतीवर) घालवावा, असे माझे मत आहे. एसक्यूएल येणाऱ्याला मॅच (गाळणे) आणि ग्रुप (गट करणे) हे टप्पे तासाभरात समजतात. खरी मेख अनवाइंडमध्ये, म्हणजे ॲरे (यादी) उलगडण्याच्या टप्प्यात आहे. एका ऑर्डरच्या डॉक्युमेंटमध्ये (एसक्यूएलमधल्या एका ओळीसारखे) एकूण रक्कम ९०० रुपये आणि वस्तूंच्या ॲरेमध्ये ३ नोंदी असतील, तर अनवाइंड केल्यावर त्याच ऑर्डरची ३ डॉक्युमेंट होतात आणि त्यानंतर कोणी एकूण रकमेची बेरीज केली, तर उत्तर २,७०० येते. शिवाय ज्या ऑर्डरमध्ये तो ॲरे रिकामा आहे किंवा मुळात नाहीच, ती ऑर्डर निकालातून गुपचूप गळते; ती टिकवायची असेल तर तसा पर्याय वेगळा द्यावा लागतो.

दुसरा मुद्दा डेटाच्या प्रकारांचा. एकाच कलेक्शनमध्ये (डॉक्युमेंटच्या संचात) काही रकमा संख्या म्हणून आणि काही "१,२५०" अशा मजकूर म्हणून साठवलेल्या असू शकतात. सरासरी काढताना मोंगोडीबी मजकूर असलेली मूल्ये वगळते आणि कोणतीही तक्रार करत नाही. तसेच एखादे फील्ड नल (मूल्य नसलेले) आहे का, असे शोधल्यास ज्या डॉक्युमेंटमध्ये ते फील्डच नाही, तीही हाती येतात. ग्राहकाने माहिती दिली नाही आणि आपण ती विचारलीच नाही, यांतला फरक विश्लेषकाने ओळखायलाच हवा. म्हणून मी मुद्दाम अशी खोट असलेला डेटा देतो आणि प्रत्येक टप्प्यानंतर डॉक्युमेंटची संख्या लिहून ठेवायला सांगतो. वाणिज्याची मुले यात सरस ठरतात, कारण ताळा जुळवण्याची सवय त्यांना आधीपासून असते.

उत्तर २
वरील सूचना उत्तम आहे. मात्र त्यासाठी मोंगोडीबीच हवे, हे मला पटत नाही. पोस्टग्रेस या एसक्यूएल डेटाबेसमध्ये २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून मोंगोडीबीसारखी डॉक्युमेंट साठवणारा जेसनबी हा प्रकार आहे. एकात एक बसवलेल्या (नेस्टेड) रचनेचा डेटा, गाळलेली फील्डे आणि ॲरे उलगडताना होणारी दुहेरी मोजणी हे सगळे तिथेही दाखवता येते, आणि विद्यार्थ्यांच्या हाती असलेले एसक्यूएल वाया जात नाही. नवीन क्वेरीभाषा शिकवण्यात चार तास गेले, तर डेटा पाहायला वेळ उरत नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. परीक्षा मोंगोडीबीवर असल्याने तेच ठेवावे लागेल; मात्र पहिला तास जेसनबीवर घेईन. कॅप प्रमेय आणि कॅसांड्रा यांचे काय करावे?

उत्तर ३
कॅप प्रमेयाची सिद्धता सोडून द्यावी. त्याऐवजी ॲमेझॉनने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या डायनॅमो या डेटा-साठवण प्रणालीच्या शोधनिबंधातील खरेदीच्या गाडीचे (शॉपिंग कार्टचे) उदाहरण घ्यावे: नेटवर्क तुटले तरी गाडीत वस्तू टाकता आलीच पाहिजे असे त्यांनी ठरवले, आणि त्याची किंमत म्हणून काढून टाकलेली वस्तू क्वचित पुन्हा गाडीत दिसू शकते हे मान्य केले. विश्लेषकाला यातून एवढे कळले तरी पुरे, की एकाच डेटाच्या दोन प्रतींवरून घेतलेले आकडे काही काळ जुळणार नाहीत. कॅसांड्रासाठी अर्धा तास द्यावा. तिथे टेबल आधी आणि प्रश्न नंतर असे चालत नाही. पार्टिशन की (डेटा कोणत्या यंत्रावर आहे हे ठरवणारे मूल्य) न देता शोधायला गेल्यास ती क्वेरी सहसा नाकारली जाते. त्यामुळे ऐनवेळी सुचलेल्या प्रश्नांसाठी तो डेटा आधी वेअरहाउसमध्ये (विश्लेषणासाठीच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये) का आणतात, हे विद्यार्थी स्वतःच सांगतात. रेडिस आणि निओफोरजे वाचनासाठी दिले तरी चालेल.