प्रतिसाद: जुनं म्हणजे दुर्मीळ असं नाही

वर एकांनी विचारलंय, 'वासितचा हिजरी ९४चा दिरहम (चांदीचं अरबी नाणं) तेराशे वर्षं जुना, म्हणजे फार दुर्मीळ ना?' तर नाही. इराकमधलं वासित ही उमय्या खलिफांच्या काळातली सगळ्यात जोमात चाललेली टांकसाळ. तिची नाणी आजही मुबलक मिळतात. संग्राहकांत खरी चुरस असते ती थोडीच वर्षं चाललेल्या लहान टांकसाळींसाठी. त्यामुळे नाण्याच्या वयापेक्षा टांकसाळ आणि साल यांची जोडी बघा.

खलिफा अब्द अल-मलिकने हिजरी ७९ (इ.स. ६९८-९९) पासून चांदीच्या नाण्यांवरचा सासानी (इस्लामपूर्व इराणी) राजाचा चेहरा काढून नुसती अक्षरं ठेवली. खलिफाचं स्वतःचं नावसुद्धा नाही! टांकसाळ आणि साल मात्र शब्दांत लिहिलेलं. आपल्यासाठी हे वरदानच, पण गोम अशी की त्या कूफी लिपीत (जुन्या कोनदार अरबी वळणात) नुक्ते, म्हणजे अक्षरं ओळखायचे ठिपके, जवळजवळ नसतातच. 'सबअ' (सात) आणि 'तिसअ' (नऊ) दोन्हीत तेच चार दाते (अक्षरांचे उभे उंचवटे). फरक एवढाच की एकात 'ब'चा दाता शेवटी, दुसऱ्यात 'त'चा दाता सुरुवातीला, आणि तो दाता किंचित उंच असला तरच ओळख पटते. झिजलेल्या नाण्यावर डोळे फुटायची वेळ येते. सत्तर-नव्वदचाही हाच घोळ, म्हणून विक्रेत्याने सांगितलेलं साल भिंगाखाली स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

वजनही करा. साधारण २.९ ग्रॅम हवं. कडा कातरलेली असेल तर कमी भरेल, ते चालतं. पण कडेला साच्याची रेघ दिसली, म्हणजे नाणं ओतीव नकली असलं, की सरळ परत करा.